पगारवाढीची मागणी आणि संकोचाची किंमत

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स शहरात संगणक क्षेत्रातील महिलांची एक मोठी परिषद भरली होती. तेथे मायक्रोसॉफ्टचे मुख्य कार्यकारी अधिकारी सत्या नाडेला यांना एक साधा प्रश्न विचारण्यात आला. पगारवाढ मागताना ज्या स्त्रियांना संकोच वाटतो, त्यांना ते काय सल्ला देतील? व्यवस्थेवर विश्वास ठेवावा, काम करत राहावे, योग्य वाढ आपोआप मिळेल आणि न मागणे हे एक प्रकारचे चांगले ‘कर्म’च ठरेल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. मुलाखत घेणाऱ्या मारिया क्लावे यांनी व्यासपीठावरच असहमती नोंदवली. प्रिन्स्टन विद्यापीठात अधिष्ठातापद स्वीकारताना पगाराबाबत घासाघीस न केल्याचा आपला अनुभवही त्यांनी सांगितला. त्याच दिवशी नाडेला यांनी आपले उत्तर साफ चुकल्याचे कर्मचाऱ्यांना लेखी कळवले.

वास्तविक नाडेला जे बोलले, ते भारतीय मध्यमवर्गीय घरांतून मुलींना लहानपणापासून ऐकवले जाणारेच तत्त्वज्ञान होते. काम चोख करावे, तोंड उघडून मागू नये, वरिष्ठांच्या नजरेत ते आल्याशिवाय राहात नाही. सरकारी नोकरीत हे काही अंशी खपून जाते, कारण तेथे वेतनश्रेणी छापील असते आणि वार्षिक वाढ लिंग पाहून ठरत नाही. हिंजवडी, ऐरोली वा नागपूरच्या मिहानमधील खासगी कार्यालयांत मात्र प्रत्येकाचा पगार बंद पाकिटात असतो. तेथे मागणे हाच नोकरीचा एक भाग होऊन बसला आहे.

न मागण्याची किंमत किती, याचे गणित अवघड नाही. एकाच दिवशी रुजू झालेल्या दोघांपैकी एकाने बोलणी करून दरमहा ३० हजार रुपये ठरवून घेतले आणि दुसरीने देऊ केलेले २७ हजार मुकाट्याने स्वीकारले, असे समजू. पुढे दोघांनाही वर्षाला समान ८ टक्के वाढ मिळत गेली, म्हणजे कोणीही कोणावर अन्याय केला नाही, तरी ३ हजारांची ही तफावत दहाव्या वर्षी दरमहा सुमारे ६ हजारांवर जाते. दहा वर्षांत ती स्त्री एकूण ५ लाख २१ हजार रुपयांना मुकलेली असते. मूळ वेतनाशी जोडलेला भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांतील घट वेगळीच.

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले ते लिंडा बॅबकॉक आणि सारा लॅशेव्हर यांच्या २००३ मधील पुस्तकाने. कार्नेगी मेलन विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्यांची पाहणी करता, पहिल्या नोकरीचा देऊ केलेला पगार वाढवून मागणारे पुरुष ५७ टक्के आणि स्त्रिया अवघ्या ७ टक्के आढळल्या. स्त्रिया मागतच नाहीत, हे सूत्र तेव्हापासून रूढ झाले आणि आत्मविश्वास वाढवणाऱ्या शिबिरांचा एक व्यवसायच त्यावर उभा राहिला.

पण सूत्र अर्धेच खरे होते. ऑस्ट्रेलियातील सुमारे ४,६०० कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. समान परिस्थितीतील स्त्रिया पुरुषांइतक्याच वेळा वाढ मागतात, असे त्यात दिसले. फरक पडला तो मिळण्यात. मागणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे २० टक्क्यांना वाढ मिळाली, स्त्रियांपैकी सुमारे १५ टक्क्यांना. त्याआधी २००७ मध्ये हॅना रायली बोल्स, बॅबकॉक आणि लेई लाय यांनी प्रयोगांतून दाखवून दिले होते की, जास्त पगार मागणाऱ्या स्त्रीबरोबर काम करण्याची इच्छा परीक्षकांमध्ये लक्षणीय प्रमाणात कमी होते. पुरुषाला ही शिक्षा तितकीशी होत नाही. तेव्हा स्त्रीचा संकोच म्हणजे केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे. समोरचा काय म्हणेल, याचा तो बराचसा अचूक अंदाज असतो. आत्मविश्वासाचे धडे देणारे नेमके हेच विसरतात.

म्हणूनच नुसत्या धीटपणापेक्षा तयारीला महत्त्व येते. पहिली तयारी माहितीची. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला पगार विचारणे आपल्याकडे असभ्य मानले जाते, आणि या सभ्यतेचा लाभ केवळ मालकाला होतो. त्याच पदासाठी बाजारात काय भाव चालू आहे, हे भरती करणाऱ्या संस्थांकडून, जुन्या सहाध्यायांकडून, आणि विशेषतः पुरुष सहाध्यायांकडून, समजून घेता येते. स्त्रिया बहुधा मैत्रिणींनाच विचारतात. मैत्रिणींनाही कमीच मिळत असेल, तर कमी आकडाच रास्त वाटू लागतो.

दुसरी तयारी वेळेची. बहुतेक कंपन्यांत अप्रेझलचे पत्र एप्रिल-मेमध्ये हाती पडते, आणि नाराजीचा विषय तेव्हाच निघतो. परंतु विभागाला किती रक्कम वाटायची, याचा निर्णय त्याआधीच झालेला असतो. पत्र आल्यानंतर वरिष्ठाच्या हाती सहानुभूतीखेरीज काही उरत नाही. डिसेंबर-जानेवारीतच, वर्षभरात काय केले याची लेखी नोंद घेऊन बोलणे झाले, तर तोच वरिष्ठ पुढच्या बैठकीत आपल्या वतीने आकडा मांडू शकतो. ही नोंद ‘खूप कष्ट केले’ अशा स्वरूपाची असून चालत नाही. कोणता ग्राहक टिकला, किती दिवसांचे काम किती दिवसांत झाले, गेलेल्या सहकाऱ्याची कोणती जबाबदारी अंगावर घेतली, हे तीत असावे लागते. घराचा हप्ता वा मुलांची फी हे कारण मात्र पुढे करू नये. गरजेच्या भाषेत मागितले की वाढ ही मेहेरबानी ठरते.

आकडा कोणी आधी सांगावा, यावर मतभेद आहेत. माहिती पक्की असेल तर स्वतःच सांगणे हिताचे, कारण पुढची सारी घासाघीस त्या आकड्याभोवतीच फिरते. तो सांगून झाल्यावर गप्प बसणे सर्वांत कठीण. दोन क्षणांची शांतता असह्य होऊन ‘म्हणजे थोडे कमी असले तरी चालेल’ असे वाक्य बाहेर पडते आणि बोलणी तेथेच संपतात. सीटीसी आणि प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम यांतील अंतरही त्याच बैठकीत विचारून घ्यावे, कारण वाढीचा मोठा हिस्सा ‘व्हेरिएबल’मध्ये घालून कागदावरचा आकडा फुगवता येतो.

आणखी एक निरीक्षण उद्बोधक आहे. एमिली अमानातुल्ला आणि मायकेल मॉरिस यांच्या २०१० मधील अभ्यासात, दुसऱ्याच्या वतीने बोलणी करताना स्त्रिया पुरुषांइतक्याच ठाम राहिल्या, आणि स्वतःसाठी मागताना त्यांनी आधीच माघार घेतली. स्वतःची मागणी संघाच्या हिताशी जोडून मांडली तर रोष कमी होतो, असे बोल्स आणि बॅबकॉक यांनीही पुढे दाखवले. स्त्रीलाच ही कसरत का करावी लागावी, हा प्रश्न रास्त आहे. पण एप्रिलचे पत्र त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही.

दुसऱ्यांसह मागण्याचे बळ महाराष्ट्राने ताजेच पाहिले आहे. संप आणि आझाद मैदानातील आंदोलनानंतर मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आशा स्वयंसेविकांच्या मानधनात दरमहा ५ हजार रुपयांची वाढ मंजूर केली. यांतील एकटी आशा तालुका आरोग्य अधिकाऱ्यापुढे उभी राहून हे मिळवू शकली नसती.

एकटीने लढून जिंकल्याचे उदाहरणही मुंबईतलेच आहे. मॅकिनन मॅकेंझी या जहाज कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या गोपनीय लघुलेखिका होत्या. त्याच प्रकारचे काम करणाऱ्या पुरुष लघुलेखकांना अधिक पगार मिळत असे. नोकरी सुटल्यावर त्यांनी समान वेतन कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली. स्त्री लघुलेखिकांचा गट वेगळा आहे, पगार कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसार ठरले आहेत, आणि सर्वांना समान देण्याची कंपनीची ऐपत नाही, अशी कारणे कंपनीने दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती सारी फेटाळली. काम सारखे असेल तर करारही ढाल होऊ शकत नाही आणि ऐपतही नाही, असा या निकालाचा अर्थ आहे.

ज्या १९७६ च्या कायद्याखाली हा निकाल लागला, त्याची जागा आता वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करण्यास तीतही मनाई आहे. पण भेद सिद्ध करायचा तर दुसऱ्याचा पगार माहीत हवा, आणि तो सांगण्याचे बंधन खासगी मालकावर नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाद्वारे नेमक्या याच गाठीला हात घातला. मुलाखतीपूर्वी उमेदवाराला पगाराची मर्यादा कळवणे आणि त्याला आधीचा पगार न विचारणे हे दोन्ही मालकावर बंधनकारक करण्यासाठी सदस्य देशांना ७ जून २०२६ ची मुदत देण्यात आली. भारतात असा नियम नाही. नोकरी बदलणाऱ्या स्त्रीकडून मागील तीन महिन्यांची पगारपत्रके मागवून त्यावर ठरावीक टक्के चढवण्याची पद्धत येथे सर्रास आहे. पहिल्या नोकरीत स्वीकारलेले ते २७ हजार याच मार्गाने दुसऱ्या आणि तिसऱ्या कंपनीपर्यंत पोहोचतात.