परतावा: हक्क की याचना?

राजस्थानातील एका प्रवाशाने 2017 साली प्रतीक्षा यादीतील तिकीट रद्द केले. परताव्यातून 35 रुपये सेवाकरापोटी जादा कापले गेले. ते पूर्ण परत मिळण्यास 2022 साल उजाडले. या एका माणसाच्या चिकाटीमुळे सुमारे 2 लाख 98 हजार प्रवाशांना मिळून 2 कोटी 43 लाख रुपये परत करण्याचा निर्णय रेल्वेच्या तिकीट महामंडळाला घ्यावा लागला. एकट्याच्या हिशेबात क्षुल्लक वाटणारी रक्कम समाजाच्या हिशेबात किती मोठी होते, हे यावरून दिसते. बाकीचे प्रवासी गप्प राहिले, कारण 35 रुपयांसाठी भांडणे कोणाला परवडते?

परताव्याचे नियम आहेत. प्रश्न आहे तो त्यांचा भार कोणाच्या शिरावर टाकला आहे, हा. 2015 साली लागू झालेले नियम पाहावेत. गाडी रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात जमा होतात. खिडकीवर रोख पैसे मोजणाऱ्याला मात्र तीन दिवसांच्या आत तिकीट परत करावे लागते. गाडीला तीन तासांहून अधिक उशीर झाला आणि प्रवाशाने प्रवास सोडला, तर पूर्ण भाडे मिळते. पण गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी तिकीट परत केले तरच! ई-तिकीटवाल्यानेही तेवढ्याच वेळात दावा नोंदवावयाचा. वेळ टळली की हक्क संपला.

म्हणजे चूक रेल्वेची आणि धावपळ प्रवाशाची. गाडी किती उशिरा धावते आहे याची नोंद रेल्वेच्या दप्तरी असते, पैसेही तिच्याच तिजोरीत असतात. तरीही हात जोडावयाचे ते गिऱ्हाइकाने. ज्या मजुराला परताव्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभे राहावे लागते, तो बहुधा परताव्यावरच पाणी सोडतो. न दिलेल्या सेवेचे असे राहून गेलेले पैसे म्हणजे गरिबाकडून वसूल केलेला अलिखित करच होय.

रेल्वेचा प्रवासी वाहतुकीत तोटा होतो, हे खरे. परंतु तो भरून काढण्याचा हा मार्ग नव्हे. विलंबाचे समर्थनीय कारण सिद्ध करता येत नसेल तर रेल्वेने भरपाई दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली एका खटल्यात बजावले. पुराव्याचा भार रेल्वेवर असेल, तर परताव्याचा भार प्रवाशावर का असावा?

मागणी साधी आहे. रेल्वेची स्वतःची नोंद हाच दावा मानावा. खिडकीवरील तिकिटाचे पैसेही बँकेतून किंवा पोस्टातून न मागता घरपोच मिळावेत. तोवर कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या स्थानकावर या नियमांचा मराठी फलक लागेल, एवढे तरी पाहावे. हक्क ठाऊक नसलेल्या माणसाला तो नाकारण्याचीही गरज पडत नाही.