खाट हवी, खोली नको

प्रवासाच्या कुठल्याही मोठ्या संकेतस्थळावर जा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती खोल्या, किती माणसं? उत्तरही बहुतेक वेळा आधीच भरलेलं असतं. एक खोली, दोन प्रौढ. एकट्यानं, बेताच्या पैशात फिरणाऱ्याचं गणित तिथेच बिनसतं. त्याला खोली नकोच असते. वागातोरला किंवा गोकर्णला आठ जणांच्या डॉर्ममधली एक खाट हवी असते. जमल्यास खालची, उशाशी चार्जिंगचा पॉइंट असलेली आणि बॅगेसाठी कुलपाची सोय असलेली. यातलं काहीही त्या चौकटीत विचारत नाहीत. खालची की वरची हे आपली रेल्वेसुद्धा विचारते.

खाट हाच हिशेब धरून उभी राहिलेली संकेतस्थळं नाहीत असं नाही. १९९९मध्ये डब्लिनला सुरू झालेलं हॉस्टेलवर्ल्ड हे त्यातलं एक जुनं नाव. तिथे मिश्र डॉर्म, फक्त मुलींची डॉर्म, किती खाटांची, हे सगळं वेगवेगळं दिसतं. गुण देतानाही स्वच्छता आणि जागेबरोबर ‘वातावरण’ हा रकाना असतो. हॉस्टेल निवडताना खरी गरज त्याचीच असते. रात्री अकराला झोपायचं आहे की पहाटे तीनपर्यंत गिटार ऐकायची आहे, हे गादीच्या फोटोवरून कसं कळणार? हॉटेलं विकणाऱ्या संकेतस्थळांवर मात्र डॉर्ममधली खाट ही ‘स्वस्तातली खोली’ म्हणून यादीत तळाला पडून असते.

आता पैशांकडे येऊ. खाट सहाशे रुपयांची असेल आणि संकेतस्थळाचं कमिशन पंधरा टक्के धरलं, तर नव्वद रुपये तिथेच गेले. उरलेल्या पाचशे दहात चादरी धुणं, वायफाय, रात्रपाळीचा माणूस, जागेचं भाडं. पाच हजारांच्या खोलीतून पंधरा टक्के गेले तरी हॉटेलवाल्याच्या हातात काही राहतं. सहाशेच्या खाटेत ते नव्वद रुपये म्हणजे पाहुण्याला देता आली असती ती सकाळची पोहे-चहाची न्याहारी. शिवाय यादीत वर दिसायचं असेल तर आणखी टक्के मोजा, अशी योजना बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे असते. त्यामुळे ‘शिफारस केलेली’ या शब्दाखाली जी जागा पहिली येते, तिची शिफारस नेमकी कुणी आणि कशासाठी केली, हे विचारायला हरकत नाही.

मी कमिशनच्या विरोधात नाही. हंपीतलं किंवा मालवणातलं दहा खाटांचं हॉस्टेल बर्लिनच्या पोराला दुसऱ्या कुठल्या वाटेनं सापडलं असतं? ती पहिली गाठ घालून देण्याचे पैसे संकेतस्थळानं जरूर घ्यावेत. पण तोच पाहुणा मुक्काम दोन दिवसांनी वाढवतो, पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन येतो, तेव्हाही तोच टक्का का? म्हणून माझा सरळ सल्ला: पहिली रात्र हवी तर ॲपवरून घ्या, पुढच्या रात्रींचे पैसे काउंटरवर द्या, आणि दर कमी होतो का ते न लाजता विचारा.

तो कमी करणं हॉस्टेलवाल्याच्या हातात असतंच असं नाही. आमच्यापेक्षा स्वस्त दर इतरत्र कुठेही लावायचा नाही, अशी अट करारात घालण्याची या धंद्यात जुनी रीत आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला सुमारे २२३ कोटींचा दंड केला, त्यामागे हीसुद्धा अट होती. कंपनीनं त्यावर अपील केलं. युरोपात डिजिटल बाजारपेठांचा नवा कायदा आल्यावर २०२४मध्ये बुकिंग डॉट कॉमला तिथल्या करारांतली ही अट काढावी लागली. आपल्याकडे सहाशेच्या खाटेसाठी भांडायला उभं राहणारं मात्र कुणी दिसत नाही.

‘फक्त दोन उरल्या, तीस जण बघत आहेत’ हा प्रकार तर सगळ्यांच्या ओळखीचा. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३मध्ये फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात खोट्या घाईचं उदाहरण म्हणून जवळपास हेच वाक्य आहे. तरी ते अजून दिसतं. मी तर ते दिसलं की आधी चहा टाकतो.

पण माझा खरा राग आहे तो ‘लोकल आयडी चालणार नाही’ या अटीवर. पणजीतल्या एका हॉस्टेलच्या काउंटरवर मी पाहिलेला प्रसंग. रात्रीचे साडेदहा. काणकोणची एक मुलगी, सकाळी पणजीत परीक्षा, हातात पैसे भरल्याची पावती. काउंटरवरच्या पोरानं आधार पाहिलं आणि परत केलं. “मॅडम, गोव्याचा पत्ता चालत नाही.” स्थानिक टोळकी दारू पिऊन दंगा करतात, इतर पाहुण्यांना त्रास होतो, हे त्याचं कारण. ते अगदीच खोटं नसेल, पण परीक्षेला आलेल्या एकट्या मुलीचा त्याच्याशी काय संबंध? तिनं पैसे परत मागितले. हा म्हणाला, पैसे ॲपकडे आहेत. ॲपवाले फोनवर म्हणाले, नियम हॉस्टेलचा आहे आणि तो पानावर लिहिलेला आहे. लिहिलेला होता खरा. फोटो, नकाशा, सुविधा आणि परीक्षणं ओलांडून खाली गेलं की बारीक अक्षरात. शेवटी ती कुणा नातेवाइकांकडे गेली. पैशांचं काय झालं कळलं नाही.

ही अट पुण्या-मुंबईतल्या अनेक हॉस्टेलांतही आहे. ती असावी की नसावी यावर हॉस्टेलवाल्यांशी वाद घालता येईल. पण ती आधीच तपासायला संकेतस्थळाला कसलीच अडचण नाही. नाव, मोबाइल, ईमेल हे सगळं पैसे घेण्याआधी विचारतातच. ओळखपत्रावरचा पत्ता कुठल्या शहराचा, एवढा एक रकाना त्यात घालायला किती वेळ लागेल?