नव्या गिरणीच्या दारातले बदली कामगार

‘नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा’ हा उपदेश आपल्याकडे आता इतका रूढ झाला आहे की, पदवीदान समारंभाचे पाहुणे, बँकेचे अधिकारी आणि मंत्री या सर्वांच्या तोंडी तो सारख्याच सहजतेने येतो. १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’चा प्रारंभ झाल्यापासून तर त्याला सरकारी धोरणाचीच प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. अभियांत्रिकीची पदवी हातात घेऊन वर्षभर वणवण करणाऱ्या तरुणाला हे वाक्य ऐकवले, की त्याच्या बेकारीची जबाबदारी उद्योगावरून, शासनावरून आणि शिक्षणसंस्थेवरून उचलली जाऊन त्याच्याच डोक्यावर ठेवली जाते. काम नसेल तर दोष तुझ्यातील हिमतीच्या अभावाचा! या उपदेशाची तपासणी करण्याची वेळ आली आहे.

गिरणगावचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकांना ‘बदली’ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. सकाळी भोंग्याच्या वेळी दारात उभे राहायचे, कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर आत जायचे, नसेल तर खोलीवर परतायचे. कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवीत असे आणि त्याची दस्तुरी त्याला पोचवावी लागे. १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. तिने अन्याय संपला नाही. परंतु निदान हा मनुष्य या गिरणीशी बांधलेला आहे, एवढे एका कार्डाने मान्य केले.

आजच्या संगणक उद्योगातील उमेदवाराच्या हाती नेमणूकपत्र असते, आणि ते त्या कार्डाइतकेही मोलाचे नसते. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतील सुमारे दोन हजार तरुणांना नोकरी देऊ करून प्रत्यक्षात दोन वर्षांच्या आसपास रुजू करून घेतले नाही. पुण्यातील ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, तेव्हा कोठे हालचाल झाली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये मैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना काढून टाकण्यात आले. त्यांत या रखडलेल्या तुकडीतील तरुणही होते. अंतर्गत परीक्षेत ते तीन वेळा अनुत्तीर्ण झाले, असे कंपनीचे म्हणणे. ते क्षणभर खरे मानू. पण दोन वर्षे दारात ताटकळत ठेवलेल्या माणसाचे शिक्षण गंजले, तर त्या गंजाचा हिशेब कोणाच्या नावे मांडायचा? त्या दोन वर्षांत त्याने दुसरीकडे नोकरी धरली नाही, कारण हातात पत्र होते. घरच्यांनी कर्जाचे हप्ते भरले, कारण हातात पत्र होते. विप्रोने तर फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्षाला साडेसहा लाख रुपये देऊ केलेल्या उमेदवारांना साडेतीन लाखांवर येता का, अशी विचारणा केली. नारळ विकणारासुद्धा ठरलेला भाव गिऱ्हाइकाने पिशवी उघडल्यावर बदलत नाही.

आणि हा साडेतीन लाखांचा आकडा तरी कोणता? नव्या अभियंत्याचे प्रारंभीचे वेतन या उद्योगातील मोठ्या कंपन्यांत एका तपाहून अधिक काळ याच्या आसपास घुटमळत आहे. या काळात हिंजवडीचे खोलीभाडे, खाणावळीचे दर आणि महाविद्यालयाचे शुल्क मात्र घुटमळले नाही. आत गेल्यावरही बदलीपण सुटत नाही. काम नसलेल्या अभियंत्याला ‘बेंच’वर बसवतात. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला की, वर्षात ३५ दिवसांपेक्षा अधिक काळ कोणी बेंचवर असू नये. काम मिळवून आणणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य. ते न मिळाल्याची शिक्षा मात्र कर्मचाऱ्याला. पुढच्याच महिन्यात या कंपनीने सुमारे बारा हजार लोक कमी करण्याचे जाहीर केले.

या उद्योगाच्या भरतीत एक गंमत आहे, आणि ती गंमत म्हणून सोडून देता येत नाही. नोकरी सोडताना नव्वद दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. आणि त्याच कंपन्यांच्या जाहिरातींत ‘ताबडतोब रुजू होऊ शकणाऱ्यांनीच अर्ज करावा’ असे छापलेले असते. म्हणजे प्रत्येक मालक आपला माणूस तीन महिने अडकवून ठेवतो आणि शेजाऱ्याचा माणूस उद्या सकाळी हवा म्हणतो. नव्या ठिकाणी जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या मागतात. कामाचे मोल ठरते ते कामावरून नव्हे, तर आधीच्या मालकाने किती कमी दिले यावरून. कर्मचाऱ्यांची ओळख आणि पूर्वइतिहास एकत्र नोंदवणारी राष्ट्रीय नोंदवही नॅसकॉमने २००६ सालीच उभी केली. मालकांना संघटनेचे महत्त्व कळले आहे. कामगारांनी संघटित व्हायचे म्हटले, की मात्र ‘या व्यवसायात युनियनची संस्कृती नाही’ असे सांगण्यात येते.

दाराशी कोण पोचतो, हाही प्रश्न आहे. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी ठरावीक टक्के नसतील तर अर्जच उघडला जात नाही. तालुक्याच्या शाळेत गणिताला दोन वर्षे शिक्षक नव्हता, ही माहिती त्या चाळणीत कोठे बसत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांकडे पाठवून पाहिले. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे कमी आले, हा त्यांचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. १९८३ पासून आपल्या राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पीक आले, शेत विकून मुलांना शिकवले गेले, आणि पदवीनंतरच्या दाराची किल्ली पूर्वीच्याच हातांत राहिली.

मग धंदा काढावा, हा उपाय. माझ्या परिचयातला सोलापूर जिल्ह्यातला एक तरुण, एके काळी आपल्या अभ्यासवर्गांना नियमाने येणारा, सात वर्षे नोकरी करून या उपदेशाला भुलला. पुण्यात दोन खोल्या घेऊन त्याने दूध संकलन केंद्रांचे हिशेब आणि वजनकाट्याच्या पावत्या संगणकावर आणणारी प्रणाली तयार केली. प्रणाली चांगली होती. पण दूध संस्थांकडून महिन्याचे भाडे कसेबसे निघे. पोट भरण्यासाठी त्याला एका मोठ्या कंपनीचे उपकंत्राट घ्यावे लागले. पाच लाखांचे बिल दिले, की त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे नव्वद हजार, पुढच्या महिन्यात सरकारजमा करायचा. कंपनीने पैसे दिलेले असोत वा नसोत. कंपनीने ते सातव्या महिन्यात दिले. तोवर बायकोचे दागिने पतपेढीत होते.

कायदा नाही असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत, उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते, आणि १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम मोठ्या कंपनीला आयकराच्या हिशेबात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. मी त्याला तक्रार करण्यास सुचवले. त्याने शांतपणे विचारले, “दादा, तक्रार केली तर पुढचे काम कोण देईल?” बदली कामगार जॉबरविरुद्ध साक्ष का देत नसे, याचे उत्तर मला त्या एका प्रश्नात मिळाले. धंद्याचा मालक म्हणून कागदावर ज्याचे नाव आहे तो प्रत्यक्षात नोटीस, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी यांपैकी काहीही नसलेला कंत्राटी मजूर आहे.

कथा येथे संपत नाही, आणि पुढचा भाग सांगणे मला अवघड जाते. त्याच्याकडे दोन मुली आणि एक मुलगा काम करतात. त्यांना नेमणूकपत्र नाही, पगार दोन-दोन महिने मागे असतो. विचारले तेव्हा तो म्हणाला, “मला मिळाले की त्यांना देतो.” तो दुष्ट नाही. वरून आलेला उशीर तो खाली पोचवतो, इतकेच.

आपल्या पक्षाने या माणसांशी काय संबंध ठेवला आहे? आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांच्या मनात संगणक अभियंता म्हणजे मोटारीतून जाणारा, आरक्षणावर नाक मुरडणारा, निवडणुकीच्या दिवशी सहलीला निघणारा साहेब. असे लोक आहेत. मी नाकारत नाही. पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ‘कामगार’ ठरवताना तांत्रिक काम करणाऱ्याला त्यात स्पष्टपणे धरले होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तो शब्द कायम आहे. वगळले जातात ते व्यवस्थापक, आणि १८ हजारांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक. म्हणूनच तीन वर्षांच्या अनुभवावर ‘लीड’ नि पाच वर्षांवर ‘मॅनेजर’ अशा पदव्यांची खैरात होते. पदवी फुकट पडते आणि कायद्याचे छत्र उडते. कायद्याच्या लेखी हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम महत्त्वाचे असते, हे त्या तरुणांना जाऊन सांगणारा एकही माणूस आपण हिंजवडीत पाठवलेला नाही. जे थोडे काम चालले आहे ते नाइट्ससारख्या संघटना करीत आहेत, आणि आपण बाहेरून पाहत आहोत.

शहर शाखांना माझी विनंती एवढीच आहे की, येत्या वर्षीच्या सदस्य नोंदणीत या तरुणांसाठी निराळा प्रयत्न व्हावा. शनिवारी संध्याकाळी हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील वसतिगृहांत नि खाणावळींत जावे. नेमणूकपत्र, बॉण्ड आणि पूर्वसूचनेच्या अटी वाचून दाखवणारा एक वकील सोबत न्यावा. थकलेल्या बिलांच्या तक्रारी एकेकट्या धंदेवाल्याने न करता पंधरा-वीस जणांच्या सहीने एकत्र कराव्यात, म्हणजे पुढचे काम कोणाचे तोडायचे हे कंपनीला ठरवता येणार नाही. सोलापूरच्या त्या तरुणाने पहिल्या सहीची तयारी दाखवली आहे. मी त्याला अट घातली, की आधी त्या तिघांना नेमणूकपत्रे द्यावीत. तो अजून विचार करतो आहे.