घर आणि सुरक्षा : कटर सुरू होण्यापूर्वी

दिल्ली विद्यापीठाने २०१० मध्ये लिलावात विकलेले एक जुने यंत्र मायापुरीच्या भंगार बाजारात मोडण्यात आले. त्यातील किरणोत्सारी कोबाल्ट-६० उघडे पडले आणि एप्रिलमध्ये एक कामगार दगावला. आपण काय मोडत आहोत, हे मोडणाऱ्यांना ठाऊकच नव्हते.

लोखंड कापण्याचा कटर आता नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्यांतही येतो. बाल्कनीला जाळी बसवणारा कारागीर तो सोबतच आणतो. त्याला चहा विचारताना या गोष्टीही विचारा.

चकतीवर छापलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा. चौदा इंची चकती मिनिटाला ३,८०० फेरे घेते तेव्हा तिची कड ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने फिरते. ती फुटली तर तुकडे अडवणारा गार्डच असतो. तो काढलेला असेल तर काम थांबवा. तडा गेलेली, भिजलेली किंवा मुदत संपलेली चकती वापरू देऊ नका. नवी चकती आधी मिनिटभर नुसती फिरवावी, समोर कोणी उभे राहू नये.

पाईप शिकंज्यात घट्ट आवळावा, हाताने धरू नये. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवाच. ठिणग्या लांबवर उडतात, म्हणून गॅस सिलिंडर, थिनर आणि मुले दूर ठेवा. थिनरचा किंवा तेलाचा बंद डबा रिकामा असला तरी कापू देऊ नका; आतील वाफ भडकते.

जाळी एक दिवस उशिरा बसली तरी चालते. गेलेला डोळा परत येत नाही.