न दिसणाऱ्या देवाचे चाहते

ओसायरिस, आयसिस किंवा रा यांच्या तुलनेत मेजेद हा प्राचीन इजिप्तमधील अगदीच किरकोळ देव होय. 'मृतांचे पुस्तक', म्हणजे परलोकीचा प्रवास निर्विघ्न व्हावा म्हणून मृताच्या सोबत दिल्या जाणाऱ्या मंत्रांचा संग्रह, यातील १७व्या मंत्रात त्याचा ओझरता उल्लेख येतो. तो ओसायरिसच्या घरचा, डोळ्यांतून मारा करणारा आणि तरीही कोणाच्या दृष्टीस न पडणारा आहे, आणि मृतात्मा त्याचे नाव आपल्याला ठाऊक असल्याचे ठासून सांगतो, कारण नाव जाणणाऱ्याला अशा उग्र शक्तींचे भय उरत नाही, अशी त्या काळची श्रद्धा होती.

अदृश्य देवाचे चित्र काढायचे कसे, हा पेच इसवी सनापूर्वी दहाव्या शतकात एका चित्रकारापुढे उभा राहिला असावा. अमुन देवाचा महापुरोहित दुसरा पिनेजेम याची कन्या नेस्तानेबेतिशेरू हिच्यासाठी सिद्ध झालेल्या, सुमारे ३७ मीटर लांबीच्या आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या 'ग्रीनफिल्ड पपायरस'वर डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत झाकलेली एक घुमटाकार आकृती आहे, जिचे केवळ डोळे, भुवया आणि पावले तेवढी दिसतात. ही आकृती मेजेदचीच मानली जाते. चित्रकाराला विनोद अभिप्रेत नसावा. पण चादर पांघरून भूत झालेल्या मुलासारखे ते रूप गंभीरपणे पाहणे आधुनिक प्रेक्षकाला अवघड जाते, हे मान्य करावे लागेल.

हे पपायरस २०१२ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाले आणि तेथील तरुणांनी या देवाला अक्षरशः डोक्यावर घेतले. शहरे आणि संस्था यांच्या प्रचारासाठी ओबडधोबड, गोंडस पात्रे घडविण्याची 'युरु-क्यारा' नावाची प्रथा तेथे आधीच रुजलेली असल्यामुळे मेजेदला तयार आसनच मिळाले. 'पर्सोना ५' या २०१६ च्या व्हिडिओ गेममधील हॅकरांच्या टोळीने त्याचे नाव घेतले, तर २०२० मध्ये आलेल्या एका लघु-ॲनिमेशन मालिकेत तो इतर इजिप्शियन देवांसह हास्यपात्र म्हणून अवतरला.

वास्तविक हास्याचा मान बेस या देवाचा होता. वाकड्या पायांचा, जीभ बाहेर काढणारा हा बुटका देव नाचगाण्याशी जोडलेला असून बाळंतिणीचे आणि अर्भकाचे रक्षण करतो. परंतु त्याची दाढी, आयाळ आणि मुकुट रेखाटण्यास सरावलेला हात लागतो, मेजेद मात्र शाळकरी मुलालाही वहीच्या कोपऱ्यात सहज काढता येतो.