हिरडीचे रक्त थांबले, हाडाचे काय?

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दंतमूलगत व्याधी १५ सांगितले आहेत. त्यांतील दंतवेष्टात पूय व रक्त स्रवते आणि दात हलू लागतात. आजचे दंतवैद्यक ज्यास पेरिओडोंटायटिस म्हणते, त्याच्याशी या लक्षणांचे निकट साम्य आहे. व्याधी आपल्या परिचयाचा आहे. परंतु तो किती खोल गेला हे पाहण्यात आपला वैद्यवर्ग व औषधविक्रेते उणे पडतात, असे आम्हांस वाटते.

हिरडीतून रक्त येऊ लागले की रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याकडेच येतो. त्रिफळा क्वाथाचे गंडूष आणि मंजनाची डबी घेऊन तो परततो. रक्त थांबते व तो निश्चिंत होतो. तथापि रक्त थांबणे म्हणजे हाडाची झीज थांबणे नव्हे. निरोगी हिरडी व दात यांमधील फट साधारणतः १ ते ३ मिलिमीटर असते. ती याहून खोल गेली की तळाशी साचलेल्या दंतशर्करेपर्यंत कोणतेही मंजन पोहोचत नाही. ती शस्त्रानेच काढावी लागते. दंतमूलास इजा न करता शर्करा काढावी, असे सुश्रुताचार्यांनीही सांगितले आहे. तेव्हा रुग्णास हिरडीच्या तज्ज्ञाकडे पाठविण्यात शास्त्राची हानी नाही, शास्त्राचे पालनच आहे.

झिजलेले हाड औषधाने परत येत नाही. तेथे अस्थिरोपणाचा विचार होतो. रोपणाचे द्रव्य रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचे, मानवी दात्याचे, प्राण्याचे (बहुधा गोवंशाचे) किंवा हायड्रॉक्सीॲपेटाइटसारखे कृत्रिम असते. ते बहुतांशी नव्या हाडासाठी उभारलेल्या मचाणाचे काम करते. दाताच्या कडेने उभा, खोल खड्डा पडला असून त्याच्या भिंती शिल्लक असतील, तर लाभाची आशा अधिक. सर्वत्र सारखी झीज असेल, तर अल्प. तंबाखू व अनियंत्रित मधुमेह हे या उपचाराचे मोठे शत्रू होत. रोपणाचे द्रव्य कोठून आले हे विचारण्याचा रुग्णास अधिकार आहे. शाकाहारी रुग्णास ही गोष्ट आपणच आधी सुचवावी.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणात दात काढणे, रूट कॅनॉल यांसारख्या क्रियांचा उल्लेख करणारी अधिसूचना निघाली आणि अधिकारांचा मोठा वाद झाला. आमच्या मते अधिकाराइतकाच मर्यादेचा विचारही वैद्यास शोभतो. हिरडीतून पू येणे, दात हलणे, दातांमध्ये नव्याने फटी पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास केवळ मंजन देऊन रुग्णास परत पाठवू नये. मधुमेही रुग्णाच्या हिरड्या तक्रार नसतानाही पाहाव्यात. तो घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, आपल्या गुग्गुळकल्पांसह, शस्त्रकर्मापूर्वी दंतवैद्याकडे पोहोचवावी. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हे अत्यावश्यकच आहे.

औषधालयाच्या मालकांना एक विनंती. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी आहे. तरीही आपल्या घराघरांत मिश्रीची सवय टिकून आहे. मंजन मागणाऱ्या भगिनीस मिश्रीविषयी दोन शब्द विचारावेत. डबी विकण्यास क्षण पुरतो. वेळेवर विचारलेला हा एक प्रश्न तिचे दात वाचवू शकेल.