इंटरनेट सिटी भरली, पण रुजली का?

आपल्या मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "युनिव्हर्सिटीशिवाय दुबईने आयटी नगरी उभी करून दाखवली की नाही?" या वाक्याला माना डोलावणं मला आता जमत नाही.

उभी केली, हे मान्यच. १९९९ मध्ये घोषणा झाली आणि २००० साली दुबई इंटरनेट सिटी सुरूही झाली. मायक्रोसॉफ्ट, ओरॅकल, आयबीएम आल्या. पूर्ण परदेशी मालकीची मुभा, हाताशी विमानतळ, शिवाय पगारावर कर नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटल्या, माझ्याही. पण या कंपन्या इथे आल्या त्या मुख्यतः माल विकायला आणि आखातातले ग्राहक सांभाळायला. विक्रीच्या ऑफिसला युनिव्हर्सिटी लागत नाही, एवढंच यातून सिद्ध झालं.

मग करीमचं नाव पुढे केलं जातं. २०१२ साली दुबईत सुरू झालेली ही कंपनी ३.१ अब्ज डॉलरला घ्यायचं उबरने २०१९ मध्ये जाहीर केलं. कौतुक मलाही आहे. पण तिचा एक संस्थापक मुदस्सिर शेखा शिकला कुठे? स्टॅनफर्डला! म्हणजे युनिव्हर्सिटी लागलीच, फक्त ती दुसऱ्याने बांधलेली होती.

खरी गोम वेगळीच आहे. आपण युनिव्हर्सिटीकडे पदवीधरांचा कारखाना म्हणून बघतो. पदवीधर काय, विमानाने आणता येतात. आपण तसेच आलो. आणता येत नाही तो नोकरीशिवाय वर्ष-दोन वर्षं एखाद्या कल्पनेच्या मागे लागलेला माणूस. डेव्हिड पॅकार्ड जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला होता. फ्रेडरिक टर्मन या प्राध्यापकाने फेलोशिप मिळवून देऊन त्याला स्टॅनफर्डला परत आणलं आणि १९३९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड निघाली. तिथला इंडस्ट्रियल पार्क आला १९५१ साली. आधी प्राध्यापक, मग प्लॉट!

इथे मात्र नोकरी गेली की व्हिसाचे दिवस मोजायचे. २००९ च्या मंदीत ओळखीची किती घरं सोफे, फ्रिज मिळेल त्या भावाला विकून परत गेली, आठवून बघा. त्यांत हुशार माणसं नव्हती? २०१९ पासून गोल्डन व्हिसा आला, बरंच झालं. पण तोही बहुतेक काही करून दाखवलेल्यांना. करून बघणाऱ्यांनी जायचं कुठे?

दुबईत कॉलेजं नाहीत असं नाही. बिट्स पिलानी २००० पासून आहे, शिकवतातही चांगलं. पण परदेशी संस्थांच्या बऱ्याचशा शाखा शिकवण्यापुरत्याच. अबुधाबीने हे ओळखलं. आर्टिफिशियल इंटेलिजन्ससाठी वेगळी मोहम्मद बिन झायेद युनिव्हर्सिटी तिने २०१९ मध्ये जाहीर केली, आणि तिची सुरुवातच एमएस आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांपासून केली. २०२४ मध्ये आयआयटी दिल्लीचे वर्गही तिथे सुरू झाले. पैसा दुबईकडेही होता. निकड वाटली नाही, कारण ऑफिसं भरलेली होती.

माझी धाकटी यंदा बारावीला आहे. अर्जांच्या तिच्या यादीत सात युनिव्हर्सिट्या आहेत. इंटरनेट सिटीपासून तासाभराच्या अंतरावर त्यांतली एकच, आणि तीही अबुधाबीत.